सीओटू मशीन लावताना: रॉडवर हात बसलेल्यांसाठी

रॉडने मारलेलं वेल्डिंग कच्चं असलं तर ते लपत नाही. स्लॅग (वेल्डवर धरलेली खपली) फोडली की भोकं दिसतात, गाठी दिसतात, शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईकसुद्धा नाक मुरडतं. वायरच्या मशीनचं, म्हणजे सीओटू गॅसच्या आवरणात रिळावरची वायर वितळवत जाणाऱ्या सीओटू मशीनचं, तसं नाही. ओळ सरळ, टाके एकसारखे, चकचकीत. आणि हातोड्याचा एक दणका दिला की अख्खी ओळ उचकटून हातात येते, खालचं लोखंड ग्राइंडरच्या खुणांसकट जसंच्या तसं. त्यामुळे या मशीनवर सेटिंगला जेवढं महत्त्व आहे तेवढं रॉडला कधीच नव्हतं. माझं शेड सांगली जिल्ह्यात. उसाच्या ट्रॉल्या, गेट, शेडचे ट्रस हे आमचं काम, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

लाइट आणि मशीनची जागा

सिंगल फेजचं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन पूर्ण जोरावर चालवलं तर बोर्डावरून ओढला जाणारा करंट ३० अँपिअरच्या पुढे जाऊ शकतो. नेमका आकडा मशीनच्या पाटीवर छापलेला असतो, तो आधी वाचा. इस्त्रीच्या सॉकेटवर दोन-चार टाके निघतील, नंतर पिन तापून काळी पडेल. ३२ अँपिअरचा एमसीबी, इंडस्ट्रियल प्लग आणि ४ चौरस मिमीची तांब्याची केबल एवढं तरी हवं. बोर्ड लांब असेल तर केबल एक माप जाड घ्या. एक्स्टेंशन वापरताना ती पूर्ण उलगडून टाका. गुंडाळलेल्या केबलला उष्णता बाहेर टाकायला जागा मिळत नाही आणि आतल्या वेढ्यांचं प्लास्टिक वितळतं.

अर्थिंगची तार नुसती लोंबकळत ठेवलेली शेडं मी भरपूर बघितली आहेत. मशीनची बॉडी अर्थ झालीच पाहिजे, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. पण त्याच्या भरवशावर एक चुकीचा समज करून घेऊ नका: आरसीसीबी तुम्हाला बोर्डाच्या बाजूच्या शॉकपासून वाचवतो. टॉर्च (हातात धरायची, वायर सोडणारी बंदूक) आणि क्लिप (जॉबला, म्हणजे वेल्ड करायच्या लोखंडाला, लावायचा चिमटा) यांच्या बाजूला शॉक बसला तर तो ट्रिप होईलच असं नाही, कारण ती बाजू मशीनच्या आत ट्रान्सफॉर्मरने वेगळी केलेली असते. तिथे तुम्हाला वाचवतात ते कोरडे हातमोजे, कोरडे बूट आणि पायाखालची कोरडी फळी. घामाने भिजलेले हातमोजे घालून ओल्या चॅनलवर बसलात तर उपयोग शून्य. पावसाळ्यात शेडच्या कडेला, पागोळ्यांच्या खाली मशीन ठेवू नका. पाटीवर आयपी २१ एस असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सरळ वरून पडणारे थेंब चालतील. तिरपा पाऊस नाही.

त्याच पाटीवर ड्यूटी सायकल असते. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क (वायर आणि लोखंड यांच्यात पेटणारी विजेची ज्योत), चार मिनिटं विश्रांती. आणि हा हिशेब ४० अंश तापमान धरून केलेला असतो. चंद्रपूर-नागपूरकडच्या लोकांनी मे महिन्यात तो आकडा विसरूनच जावा. मशीन तापून बंद पडलं तर स्विच बंद करू नका, पंखा चालू राहू दे.

हृदयाला पेसमेकर असलेल्या माणसाने डॉक्टरला विचारल्याशिवाय मशीनजवळ उभंही राहू नये. हेल्पर ठेवताना हा प्रश्न मी विचारतो.

सिलिंडर

सीओटूच्या सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. २० अंशाला आतला दाब सुमारे ५७ बार, आणि द्रव शिल्लक असेपर्यंत दाबाचा काटा जवळजवळ तिथेच उभा राहतो. म्हणजे काट्यावरून किती गॅस उरला ते कळत नाही. काटा खाली यायला लागला तेव्हा द्रव संपलेला असतो, काम उरकत आणायचं. खरं माप वजनकाट्यावर: रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर ठोकलेलं असतं, ते वजा करा. ऊन वाढलं की दाबही चढतो, म्हणून सिलिंडर सावलीत, उभा आणि साखळीने बांधलेला. आडवा टाकून चालवलात तर द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो.

सिलिंडर घेताना त्यावर ठोकलेली शेवटच्या तपासणीची तारीख बघा. गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे ठरावीक मुदतीने त्यांची दाबचाचणी व्हावी लागते, सीओटूसाठी ती मुदत पाच वर्षांची. हे सगळं बघणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मुदत उलटलेला सिलिंडर भरून देणारा माणूस स्वस्त देत असेल तरी परत पाठवा.

रेग्युलेटर बसवण्याआधी बाजूला उभं राहून, तोंड लांब धरून, झडप क्षणभर उघडून बंद करायची. झडपेच्या तोंडातली धूळ उडून जाते. मग रेग्युलेटर आवळा, झडप सावकाश उघडा, आणि साबणाचं पाणी लावून जोड बघा. द्रवाचा गॅस होताना थंडी तयार होते आणि रेग्युलेटरवर बर्फ धरतो, म्हणून सीओटूच्या रेग्युलेटरला हीटर असतो. त्या हीटरवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघून मशीनच्या मागच्या नेमक्या सॉकेटमध्येच ती पिन लावा. कमी व्होल्टचा हीटर घरच्या २३० वर लावून जाळणारे बरेच आहेत.

गॅस किती सोडायचा? शेडात मिनिटाला १० ते १२ लिटर, थोडी हवा असेल तर १५. भोकं पडायला लागली की लोक गॅस वाढवत सुटतात, २५ पर्यंत नेतात. त्याने उलटच होतं: नोझलमधून (टॉर्चच्या टोकाची गॅस सोडणारी टोपी) गॅस इतक्या वेगाने निघतो की भोवरा तयार होऊन बाहेरची हवा आत ओढली जाते. भोकं पडली तर आधी पंख्याचं तोंड फिरवा, नोझलमधला स्पॅटर (उडून चिकटलेले लोखंडाचे थेंब) काढा, नळी कुठे फाटली आहे का बघा. नुसत्या सीओटूत आर्क जरा राकट चालतो, स्पॅटर जास्त उडतो, पण लोखंडात चांगला शिरतो. ८० टक्के आरगॉन आणि २० टक्के सीओटूचं मिश्रण मऊ चालतं, पातळ पाइपांच्या फर्निचरला छान. आमच्या ट्रॉल्यांना साधा सीओटू पुरतो.

दोन्ही गॅस हवेपेक्षा जड आहेत, वास नाही, रंग नाही. टाकीच्या आत किंवा खड्ड्यात बसून काम करायचं असेल तर खालून हवा बाहेर ओढणारा ब्लोअर आणि बाहेर एक माणूस, दोन्ही पाहिजेत. आतला माणूस पडला तर बाहेरच्याने तसंच आत उतरायचं नाही, हेही आधीच बोलून ठेवा. जेवायला जाताना टॉर्च टाकीत सोडून जायचा नाही.

वायर भरणं

इथे घाई केली की दिवसभर मशीनशी भांडण. साध्या लोखंडाला तांब्याचा मुलामा असलेली ईआर ७० एस-६ वायर चालते. १.६ ते ४ मिमीपर्यंतच्या कामाला ०.८ ची वायर. त्याच्या पुढे, मोठ्या मशीनवर, १.२. वायर ०.८ असेल तर रोलरची खाच ०.८ ची, टिप (टॉर्चच्या टोकाला वायर जिथून बाहेर येते ते तुकडं) ०.८ ची, लायनरही (टॉर्चच्या केबलच्या आतली वायरची नळी) त्या मापाचा. रोलरवर सहसा दोन खाचा असतात आणि कडेवर त्यांचे आकडे ठोकलेले असतात. लोखंडाच्या भरीव वायरला व्ही आकाराची खाच, अॅल्युमिनियमला यू आकाराची, आणि फ्लक्स (वितळून स्लॅग होणारी पावडर) भरलेल्या पोकळ वायरला दातेरी. दातेरी रोलरवर भरीव वायर चालवली तर तांब्याचा भुगा लायनरमध्ये भरत जातो.

रीळ बसवताना वायरचं टोक हातातून सोडायचं नाही. १५ किलोच्या रिळाचं टोक एकदा सुटलं की वेढे फुलतात आणि ते परत बसत नाहीत. टोकाचा वाकडा भाग कापा, कापताना डोळ्याला साधा चष्मा तरी हवाच, कारण तो तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. कापलेल्या टोकाची धार कानशीने मोडा, नाहीतर ते लायनरच्या आत खरवडत जातं. टॉर्चचं नोझल आणि टिप काढून ठेवा, टॉर्चची केबल जमिनीवर सरळ पसरा, आणि इंचिंगचं (करंटशिवाय नुसती वायर पुढे सरकवणारं) बटण असेल तर त्यानेच वायर पुढे काढा. ते बटण नसेल तर ट्रिगर दाबावा लागतो, आणि ट्रिगर दाबल्यावर त्या वायरमध्ये करंट असतो. म्हणून क्लिप जॉबवरून काढून, टॉर्चचं तोंड कुणाच्या अंगाकडे नसताना. वायर किती आली हे बघायला टॉर्च डोळ्यांसमोर धरणारा माणूस मी शेडात उभा करत नाही.

रोलरचा दाब ठरवायची रीत अशी: हातमोजा घालून कोरड्या लाकडाच्या तुकड्यावर वायर तिरपी टेकवायची आणि फीड चालू करायचं. वायर वाकून गोल वळत पुढे येत राहिली तर दाब बरोबर. रोलर जागेवर घसरला तर अर्धा आटा आवळा. लई आवळून ठेवणारे लोक म्हणतात, त्याने वायर अडत नाही. अडते तेव्हा मात्र रोलर तिला ढकलत राहतो आणि फीडरच्या आत हा एवढा गुंता. दाब बेताचा असला तर रोलर नुसता घसरतो, वायर शाबूत राहते. रिळाच्या मधल्या नटाचा ब्रेकही तसाच. ट्रिगर सोडला की रीळ तिथल्या तिथे थांबावं, पण हाताने फिरवताना जोर लागू नये.

रीळ बदललं की लायनरमध्ये मागून हवा मारा. मारताना पुढे कुणी नको.

प्लस आणि मायनस

गॅसवर चालणाऱ्या भरीव वायरला टॉर्च प्लसवर आणि क्लिप मायनसवर. गॅसशिवाय चालणारी फ्लक्सची वायर बहुतेक वेळा उलटी: टॉर्च मायनसवर, क्लिप प्लसवर. वायरच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, तेच शेवटचं. रॉड आणि वायर दोन्ही चालवणारी जोडमशीनं आता गावोगाव आली आहेत आणि त्यांच्यावर ही अदलाबदल हमखास विसरली जाते. भरीव वायर उलट्या बाजूवर चालली की आर्क तुटक होतो, स्पॅटर उडतो, आणि ओळ उंच, अरुंद, वरवर बसते. मशीन खराब आहे म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी आत झाकणाखालची प्लस-मायनस बदलायची पट्टी बघा.

क्लिप कुठे लावायची, हा ट्रॉलीवाल्यांसाठी सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि तो आमच्याकडे कुणी मनावर घेत नाही. करंट टॉर्चपासून क्लिपपर्यंत जवळच्या वाटेने जातो. तुम्ही ट्रॉलीच्या हौद्याला टाका मारताय आणि क्लिप चाकाच्या डिस्कला लावली आहे, तर तो करंट बेअरिंगमधून जाणार. गोळ्या आणि रिंगा यांच्यात बारीक ठिणग्या पडतात, पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि गळीत हंगाम अर्ध्यावर असताना बेअरिंग वाजायला लागतं. मग दोष बेअरिंगच्या दुकानदाराला. हायड्रॉलिक जॅकच्या दांड्याचंही तेच, त्यातून करंट गेला की सील गेलंच. क्लिप नेहमी टाक्याच्या जवळ, त्याच तुकड्यावर, आणि तिथला रंग-गंज ग्राइंडरने घासून. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असेल तर आधी सोडवा. ट्रॅक्टरवरच काम असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. नव्या ट्रॅक्टरला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असतो, त्याचं कनेक्टर कसं सोडवायचं ते कंपनीच्या मेकॅनिकला विचारून मगच.

आणि टायर बसवलेल्या रिमला वेल्डिंग नाही. हवा काढली तरी नाही. रिम तापली की आतलं रबर तापून वायू सुटतात, त्यांचा भडका उडून टायर फुटतो, आणि तो साध्या पंक्चरसारखा फुटत नाही, माणूस मारतो. टायर पूर्ण उतरवूनच. डिझेलची रिकामी टाकी, तेलाचा रिकामा ड्रम यांनाही तोच नियम. भरलेल्यापेक्षा रिकामा ड्रम जास्त वाईट, कारण त्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. पाण्याने विसळला म्हणजे झालं, असं नाही. तेल पत्र्याच्या शिवणीत लपून बसतं. आम्ही ते काम घेत नाही.

डोळे, छाती, कातडी

वायरचा आर्क रॉडपेक्षा स्वच्छ दिसतो, धूर कमी वाटतो, म्हणून पोरं निर्धास्त होतात. अतिनील किरण मात्र जोरात असतात. १०० ते १५० अँपिअरला ११ नंबरची काच, त्याच्या वर १२. ऑटो डार्क हेल्मेट घेतलं तर रोज सकाळी एकदा लायटरची ठिणगी किंवा आर्क दाखवून ते काळं होतंय का बघा. बॅटरी संपलेलं हेल्मेट घालून काम करणारे आहेत. टॅक (तात्पुरता छोटा टाका) मारताना डोळे मिटून मारायची सवय रॉडवाल्यांना असते. डोळे मिटणं म्हणजे काच नव्हे, एवढं लक्षात घ्या.

डोळ्याला वेल्डिंग लागलं की त्रास काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो. टोचणं, पाणी, उजेड सहन न होणं. बटाट्याच्या चकत्या, दुधाचे थेंब, मध, काय वाट्टेल ते घालतात. थंड पाण्याची पट्टी बंद पापणीवर चालेल, डोळ्याच्या आत काहीही नको. डॉक्टरला दाखवा. बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून पुन्हा पुन्हा टाकले तर जखम भरून यायचीच थांबते. गेट बसवायला कुणाच्या दारात गेलात तर प्लायवूड किंवा पत्र्याचा आडोसा आधी उभा करा. गल्लीतली पोरं जमतातच, आणि 'बघू नका रे' म्हटलं की जास्त बघतात.

कपडे सुती किंवा जीन्सचे, बाह्या पूर्ण, पँटचा घडीचा काठ नको. टेरिकॉट आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतात. खिशात लायटर नको. चप्पल घालून शेडात वेल्डिंग होत नाही, एवढा एक नियम मी भांडून चालवतो.

धुराकडे लोक सगळ्यात कमी बघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर थेट पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. तोंडावर बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही. आयएस ९४७३ छापलेला एफएफपी २ मास्क हेल्मेटच्या आत बसतो, तो वापरा, आणि डोकं धुराच्या सरळ वर धरू नका. पंखा पाठीमागून नको, बाजूने आणि हलका; जोराचा वारा गॅसचं कवच उडवून नेतो. उत्तम म्हणजे धूर ओढणारा एक्झॉस्ट.

जीआय पाइप किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जस्त घासून काढा, मास्क घालून. जस्ताचा पांढरा धूर घेतला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव. एक-दोन दिवसांत उतरतो. आमच्याकडे यावर गूळ आणि दूध देतात. गूळ खायला माझी ना नाही, सांगलीत बसून गुळाला नावं कोण ठेवेल, पण तो धूर अडवत नाही. आणि ताप उतरला नाही, दम लागायला लागला, तर तो ताप वेगळा समजून दवाखाना गाठा.

आणखी एक, जे फार थोड्यांना माहीत असतं. तेलकट जॉब पुसायला काही जण ब्रेक क्लीनरचा स्प्रे किंवा मशीन शॉपमधलं ट्रायक्लोरोइथिलीन वापरतात. क्लोरीन असलेल्या अशा द्रवाची वाफ आर्कच्या किरणांत आणि उष्णतेत आली की फॉस्जिन तयार होतो. पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडलेला विषारी वायू तो हाच. जॉब साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. थिनर-पेट्रोलने पुसला असेल तर तो लांब उन्हात वाळवा, आणि डबा शेडाबाहेर.

ठिणग्या दहा मीटरपर्यंत जातात. दुरुस्तीला आलेल्या ट्रॉलीच्या फटींत उसाचं पाचट अडकलेलं असतंच, ते आधी झाडून काढा आणि पत्र्याच्या पलीकडची बाजूही बघा. पाण्याची बादली आणि पावडरचा अग्निशामक हाताशी.

सेटिंग

वायर फीड म्हणजेच अँपिअर. फीड वाढवलं की करंट वाढतो, कमी केलं की उतरतो. व्होल्ट ठरवतो आर्कची लांबी आणि ओळ किती पसरेल ते. रॉडवाल्याला एकच बटण फिरवायची सवय असते, इथे दोन एकमेकांशी जुळवायची असतात.

पातळ लोखंडासाठी माझा अंदाज: एका मिलिमीटर जाडीला साधारण ४० अँपिअर. ३ मिमीचा अँगल म्हणजे १२० अँपिअर. व्होल्टसाठी १४ मध्ये अँपिअरचा विसावा भाग मिळवा: १२० ला २० व्होल्ट, ८० ला १८, १८० ला २३. मिश्रण गॅसवर यातून एखाद-दुसरा व्होल्ट कमी करा. ०.८ च्या वायरला १२० अँपिअर म्हणजे मिनिटाला सहा मीटरच्या आसपास फीड. डायलवर मीटर लिहिलेले नसतील तर क्लिप काढून, हातमोजा घालून, सहा सेकंद ट्रिगर दाबा आणि निघालेली वायर मोजा. ६० सेंटिमीटर निघाली तर फीड सहा मीटर.

१६ गेजचा स्क्वेअर पाइप १.६ मिमीचा असतो, तिथे ६५ ते ८० अँपिअर आणि सतरा-अठरा व्होल्ट. भोक पडत असेल तर सलग ओळ न मारता तुकड्या-तुकड्याने. ६ मिमीच्या पुढे २०० अँपिअरच्या मशीनने एका हातात (एकाच ओळीत) काम उरकायचा मोह सोडा. कडा तिरप्या घासा, दोन-तीन हात मारा.

आता कान. सेटिंग जुळलं की कढईत भजी सोडल्यावर येते तशी एकसारखी तडतड येते. वायर जॉबवर ठोकत असेल, टॉर्च हाताला मागे ढकलत असेल, तर व्होल्ट कमी आहे किंवा फीड जास्त. टोकाला मोठा गोळा धरून टपटप पडत असेल, वायर जळत टिपपर्यंत येऊन चिकटत असेल, तर उलटं. सुरुवातीला व्होल्ट स्थिर ठेवून फक्त फीड हलवा. दोन्ही एकदम फिरवली की कशाने काय झालं ते कळत नाही. इंडक्टन्सचं बटण असेल तर मधोमध ठेवून विसरून जा. नंतर हात बसल्यावर त्याच्याशी खेळा.

टिपपासून जॉबपर्यंत वायर १० ते १२ मिमी बाहेर असावी. हात लांब गेला की वायर जास्त बाहेर येते, करंट उतरतो, गॅसही पुरत नाही. गॅस असलेल्या भरीव वायरला टॉर्च किंचित कलवून पुढे ढकलत न्या, स्लॅग होणाऱ्या फ्लक्सच्या वायरला मागे ओढत.

सुरुवातीला म्हटलेला कच्चा टाका इथेच जन्माला येतो. वायरचं टोक वितळलेल्या रसाच्या पुढच्या काठावर पडायला हवं. हात हळू चालला की रस पुढे येतो, वायर त्याच्यावर पडत राहते, आर्क खालच्या लोखंडाला स्पर्शच करत नाही. वरून ओळ भरदार दिसते. उभ्या सांध्यात वरून खाली मारताना हे सर्रास होतं, कारण रस आपोआप खाली पळतो. पातळ पत्र्याला वरून खाली चालेल. ट्रसला, ट्रॉलीच्या चेसिसला, हुकला खालून वर, मग वेळ किती का लागेना. हुकच्या कामात मला अजून रॉडच जास्त विश्वासाचा वाटतो, आणि गंजलेल्या, रंग लागलेल्या जुन्या लोखंडावरही. वायरला लोखंड घासून पांढरं केलेलंच लागतं.

तोडून बघा

नवीन सेटिंग, नवीन जाडी, नवीन माणूस, यातलं काहीही असलं की आधी भंगारातल्या त्याच जाडीच्या दोन पट्ट्या घ्या. एक आडवी, एक तिच्यावर उभी, गुण्यात (काटकोनात). एकाच बाजूने ओळ मारा, गार होऊ द्या. मग उभी पट्टी वेल्ड केलेल्या बाजूकडे हातोड्याने पाडत न्या, म्हणजे मुळाशी ताण येतो. पट्टी वाकून आडवी झाली आणि वेल्ड टिकला तर काम सुरू करा. तुटला तर तुटलेली जागा बघा: दाणेदार, करडी असेल तर निदान लोखंड एकजीव झालं होतं. पट्टीची जुनी सरळ कड किंवा ग्राइंडरच्या रेघा दिसल्या तर तिथे वेल्ड नव्हता, नुसता बसवलेला होता. अँपिअर वाढवा, हात चालवायचा वेग बदला, पुन्हा तोडा. आयटीआयमधून आलेल्या पोरालाही पहिल्या दिवशी हेच देतो, आणि ओळ कितीही देखणी असली तरी तोडायला लावतो.

बंद करताना

सिलिंडरची झडप बंद करा, मग ट्रिगर दाबून नळीतला गॅस जाऊ द्या आणि रेग्युलेटरचा स्क्रू सैल करा. मशीनचा पंखा थोडा वेळ चालू द्या, मग स्विच, मग बोर्ड. काम बंद झाल्यावर निदान अर्धा तास कुणीतरी शेडात थांबायचं. पाचट, पोती, लाकडाचा भुसा यांत ठिणगी बराच वेळ धुमसते. नोझलमधला स्पॅटर गरम असतानाच पक्कडीने काढला तर सहज निघतो. टिपचं भोक लंबगोल झालेलं दिसलं तर ती फेका, ती काही सोन्याची नसते. रोलरचा दाब रात्रीपुरता सैल केला तर वायरवर खूण पडत नाही. आणि जून ते सप्टेंबर रीळ मशीनवर ठेवू नका. उतरवून जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, शक्यतो घरात. गंजलेली वायर दिसली की पहिले काही वेढे काढून बघा, आतही गंज असेल तर अख्खं रीळ भंगारात. ती चालवली तर टिप आणि लायनर दोन्ही घेऊन जाते.